निळ्या खुर्चीची नक्कल

लग्न करावं की नाही, हे माझ्या भाचीने मला विचारलं. आईला नाही, बापाला नाही, मला. दुकानात येऊन, काचेच्या तुकड्यांची पेटी बाजूला सारून माझ्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मामा, तो पाचव्यांदा येतोय या शनिवारी. खेळ संपला की मला सांग, माणूस कसा वाटतो ते. तू नाही म्हणालास तर मी खरंच थांबेन."

मी फ्रेमवाला. तीस वर्षं लोकांची चित्रं, पदव्या आणि गेलेल्या माणसांचे फोटो चौकटीत बसवतोय. मला मूलबाळ नाही. ही पोरगी शाळा सुटली की माझ्या दुकानात यायची, पुठ्ठ्याच्या कातरणांची घरं करायची आणि माझ्या टेबलाखालीच झोपायची. त्यामुळे तिने मला विचारलं याचा मला मान वाटला. आणि माझं उत्तर मनात आधीच तयार होतं याची थोडी लाजही वाटली. तिचा तो माणूस रेल्वेने आठ तासांच्या अंतरावर राहतो. लग्न झालं की ती तिकडे जाणार. हे मला नको होतं, आणि म्हणून त्याच्यात काहीतरी खोट निघावी असं मला वाटत होतं. आता मी हे सरळ सांगतो, पण तेव्हा मी त्याला पारख म्हणत होतो.

त्या माणसाला मी कागदवाला म्हणायचो. जुने नकाशे, दस्त, वाळवीने खाल्लेली पुस्तकं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. इकडच्या संग्रहालयाने सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. हळू बोलणारा, नाकासमोर चालणारा, खिशात कायम हाडाची एक गुळगुळीत पट्टी बाळगणारा. घडी घालायला लागते म्हणे. इतक्या सरळ माणसाच्या खिशात हत्यार कशाला, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं.

आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी ताईच्या घरी खेळ असतो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाचीची आई, आणि भाऊजी तिचे यजमान. भाऊजी घड्याळजी होते, आता निवृत्त आहेत, पण डोळ्याला भिंग लावायची सवय सुटलेली नाही. बिस्किटसुद्धा निरखून खातात. आधी एक हलका खेळ होतो, आंधळं चित्र. एकाने चित्रातली गोष्ट तोंडाने सांगायची आणि बाकीच्यांनी डोळ्यांना पट्टी बांधून ती काढायची. भाऊजींनी काढलेला घोडा गेली पाच वर्षं स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला आहे. पाहुणे त्याला टेबल समजतात.

मग येतो मुख्य खेळ, चित्रबाजार. तो मी केलाय. बाजारात मिळत नाही. जाड पुठ्ठ्याचा पट, त्यावर चित्रांच्या दालनाच्या सोळा खोल्या, सोंगट्या म्हणून दोऱ्याची रिकामी रिळं, आणि बोली लावायला ताईच्या डब्यातली बटणं. पत्त्यांवर तीस चित्रं, सगळी मीच कधी ना कधी फ्रेम केलेल्या चित्रांच्या छापील प्रती. सुरुवातीला एवढंच होतं आणि दोन महिन्यांत सगळे कंटाळले. तेव्हा मी त्याच तीस चित्रांची दुसरी जोडी छापून आणली आणि तिला नक्कल म्हटलं. समोरून दोन्ही अगदी एक. फरक फक्त मागे: अस्सल पानाच्या पाठीवर लाल शिक्का, नकलेची पाठ कोरी.

खेळ असा. ज्याची पाळी तो विक्रेता. त्याने एक पान उचलायचं, पाठ एकट्याने बघायची आणि चित्र वर करून सगळ्यांच्या हातांतून फिरवायचं. तोंडाने मात्र प्रत्येक वेळी एकच सांगायचं, "अस्सल आहे." बाकीच्यांनी पानाकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि बटणं लावायची. घेणाऱ्याने पान उलटायचं. अस्सल निघालं तर रीळ पुढच्या खोलीत, नक्कल निघाली तर दोन खोल्या मागे.

म्हणजे हा चित्रांचा खेळ दिसतो, पण आहे खोटं पकडण्याचा. आणि त्यात मी तरबेज. नऊ वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा माझंच रीळ शेवटच्या खोलीत पोचलंय. मला माणूस वाचता येतो, असं मी चारचौघांत म्हणायचो.

आमच्या घरात पान धरायची एक रीत आहे. पान कडेला धरायचं नाही. तळहात उघडा करायचा, समोरचा त्यावर पान ठेवतो, आपण बघायचं आणि हात तिरपा करून पुढच्याच्या तळहातावर सरकवायचं. ताई, भाऊजी, भाची, सगळे असंच करतात. माझी पानं मळू नयेत म्हणून ही काळजी, असं मी समजत होतो. मला त्याचं बरं वाटायचं. मी स्वतः मात्र कडेलाच धरायचो. करणाऱ्याला तेवढा हक्क असतो.

कागदवाल्याने पहिल्या शनिवारी पान कडेला धरलं. अंगठा आणि तर्जनी, पुस्तकाचं पान धरावं तसं. साहजिक होतं, त्याला रीत माहीत नव्हती. पण मी बघत होतो. तिसऱ्या पानाला त्याचा अंगठा कडेवरून पुढे गेला, थांबला आणि परत मागे आला. त्याने भाचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि त्यानंतर त्याने लागोपाठ तीन अस्सल पानं घेतली. भाऊजींसारख्या दगडी चेहऱ्याच्या विक्रेत्याकडून, पहिल्याच दिवशी. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या शनिवारी तो पान तळहातावर घ्यायला लागला. आमच्यापेक्षाही हळुवार. आणि हरायला लागला. आता कुणी म्हणेल, हरणाऱ्यावर काय संशय घ्यायचा. पण जिंकता येणारा माणूस मुद्दाम हरतो तेव्हा तो काहीतरी झाकत असतो. त्याच संध्याकाळी तो ठरल्या वेळेआधी अर्धा तास आला होता, ताई मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती, भाऊजी अंघोळीला गेले होते, आणि तो बाहेरच्या खोलीत खेळाच्या खोक्यापाशी एकटा बसला होता. हे मला ताईनेच सहज बोलता बोलता सांगितलं होतं. मी ते लक्षात ठेवलं.

चौथ्या शनिवारनंतर मी खोक्याचा कोपरा सुटल्याचं निमित्त करून सगळा खेळ दुकानात नेला. शटर अर्धं ओढलं आणि कामाच्या दिव्याखाली एकेक पान भिंगातून बघितलं.

माझ्या अंगठ्याला काही कळत नाही. काच आणि सरस यांनी माझ्या बोटांना असे घट्टे पडलेत की गरम कपसुद्धा दुसऱ्यांनी सांगितल्यावर मी खाली ठेवतो. पण भिंगाला कळलं. अस्सल पानांची कड समोरून गोल, मऊ होती. नकलांची कड समोरच्या बाजूला किंचित वर उठलेली होती, केसाएवढी धार, चकाकणारी. एका पानाला नाही. एकोणतीसच्या एकोणतीस नकलांना.

एकोणतीस, कारण निळ्या खुर्चीची नक्कल पहिल्याच वर्षी हरवली. त्यामुळे निळी खुर्ची आली की डोळे झाकून घ्यायची, हा आमच्यातला जुना विनोद.

मी स्टुलावर बसून राहिलो. कडेवरून टणक पट्टी एका दिशेने दाबून ओढली की पुठ्ठ्याची अशी धार उभी राहते. मी रद्दी तुकड्यांवर करून पाहिलं, घड्याळ लावून. एकोणतीस पानांना बावीस मिनिटं. अर्ध्या तासात आरामात बसतं. म्हणजे साहेबांनी पहिल्या दिवशी पानांचा अंदाज घेतला, दुसऱ्या शनिवारी खुणा केल्या, आणि आता संशय येऊ नये म्हणून हरत होते. बटणांच्या खेळात जो असं करतो, तो संसारात काय करेल? मला राग आला होता. आणि रागाच्या खाली मी चक्क खूश होतो.

पाचवा शनिवार. मी खोकं घेऊन गेलो. आंधळ्या चित्रात कागदवाल्याने सांगितलेलं जहाज भाऊजींनी काढलं, ते पुन्हा टेबलासारखंच आलं. भाची इतकी हसली की तिच्या डोळ्यांची पट्टी सुटली. मी हसलो नाही. चित्रबाजार मांडताना ताई म्हणाली, "तुझा चेहरा का असा? पोट बरं नाही का?"

"पोट ठणठणीत आहे."

मी पहिला विक्रेता झालो. पाठ न बघताच एक पान उचललं, आणि फिरवायला न देता थेट कागदवाल्यापुढे धरलं.

"घ्या. तळहातावर नाही. कडेला धरा."

त्याचा हात पुढे आला होता तो अर्ध्यावर थांबला. "मामा, असंच बरं आहे."

"पहिल्या शनिवारी कडेलाच धरलं होतंत. आता काय झालं?"

"अरे, राहू दे ना," भाऊजी म्हणाले. "खेळ चालू कर."

"खेळच चालू आहे, भाऊजी. अंगठा फिरवा आणि सांगा बघू, अस्सल की नक्कल? माझ्या चेहऱ्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही तुम्हाला." मग मी सगळं सांगितलं. भिंग, एकोणतीस कडा, अर्धा तास, खिशातली हाडाची पट्टी. बावीस मिनिटंसुद्धा सांगितली. बोलताना माझा आवाज चढला होता. "माझ्या पानांवर खुणा केल्यात तुम्ही. या घरात बसून, या लोकांचा चहा पिऊन."

मला वाटलं होतं भाची उसळेल, ताई मला गप्प करेल. कागदवाला टेबलाकडे बघत होता. त्याने खिशातली पट्टी काढली, पटाच्या बाजूला ठेवली आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "हो. मी केलं. चुकलं माझं."

मी भाचीकडे वळलो. "ऐकलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझा निर्णय झाला, मामा."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. ती आता कुठे जात नाही, लबाड निघालेल्या या सद्गृहस्थाला आठ तास लांब एकट्यालाच जावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग माझ्या लक्षात आलं की त्याच्याकडे कुणीच बघत नाहीये. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि त्या बघण्यात राग नव्हता. लहान मूल सगळ्यांसमोर पडतं आणि रडतंय की नाही हे बघायला घरचे थांबतात, तसे ते थांबले होते.

ताई उठली. कपाटातून शिवणाचा डबा काढला, वरचा खण उचलला, तळाशी चिंध्यांमध्ये हात घातला आणि एक पान माझ्यासमोर ठेवलं. निळी खुर्ची. पाठ कोरी.

"हे हरवलं होतं," मी म्हणालो.

"हरवलं नव्हतं. मी काढून ठेवलं. याची कड सगळ्यात वाईट होती, यांचं बोट कापलं होतं पहिल्या वर्षी." तिने भाऊजींकडे मान केली. "त्या पोराने हे पान आजपर्यंत पाहिलेलंही नाही. हात लावून बघ."

मी अंगठा फिरवला. मला काही कळलं नाही. म्हणून ती कड ओठाला लावली. धार होती. मग खिशातून भिंग काढलं, आणि दुकानात जे समोर असून बघितलं नव्हतं ते बघितलं. कड चकाकत होती. चकाकत होती कारण तिच्यावर वार्निश होतं, एकसंध, धारेवरून खालपर्यंत उतरलेलं. वार्निश मी लावलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, पानं कापून झाल्यावर. धार त्याच्या आधीची होती.

पहिली तीस पानं मी याच टेबलावर कापली होती, चित्र वर ठेवून. दुसरी तीस दुकानात कापली. आणि दुकानात मी पुठ्ठा नेहमी उलटा ठेवून कापतो; फ्रेमचा पुठ्ठा तसाच कापायचा असतो, चित्राची बाजू खाली. पातं ज्या बाजूने बाहेर पडतं त्या बाजूला धार उठते. नकलांची धार समोर आली. खुणा मीच केल्या होत्या, स्वतःच्या हाताने, दुकानातल्या इतक्या वर्षांच्या सवयीने. माझ्या बोटांना सोडून जगातल्या कुठल्याही बोटाला त्या कळल्या असत्या.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं," मी म्हणालो.

"पहिल्या वर्षापासून," भाऊजी म्हणाले. "मी घड्याळजी आहे रे. मला ते अंधारातही कळलं असतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू केवढा खूश होतास," ताई म्हणाली. "साठ पानं, पट, त्या सोळा खोल्या. महिनाभर खपला होतास. कसं सांगायचं?"

मी माझ्या तळहाताकडे पाहिलं. "म्हणून तुम्ही पान असं धरता."

"कडेला धरलं की कळतं," भाची म्हणाली. "मग तो लबाडपणा होईल. म्हणून मी शाळेत असताना आईने शिकवलं, मामाचं पान तळहातावर घ्यायचं."

नऊ वर्षं मी त्याला माझ्या पानांची काळजी समजत होतो. तशी ती होतीच, पण पानांची नव्हती. आणि तरीही पहिला प्रश्न मी जो विचारला त्याची मला आजही लाज वाटते.

"मग मी जिंकत होतो, ते?"

"ते तू खरंच जिंकत होतास," भाची म्हणाली.

"बहुतेक वेळा," भाऊजी म्हणाले, आणि ताईने त्यांना कोपर मारलं.

मी कागदवाल्याकडे वळलो. हे कठीण होतं, पण टाळलं असतं तर त्या घरात पुन्हा बसता आलं नसतं. "मी तुमच्यावर नको तो आळ घेतला. माफ करा मला. पण तुम्ही हो का म्हणालात?"

त्याने हाडाची पट्टी उचलून खिशात ठेवली. "पहिल्या शनिवारी परत जाताना मी हिला म्हणालो की मामांच्या खेळात एक चूक राहिलीय, पुढच्या वेळी सांगू का? ही म्हणाली, 'खबरदार. ती चूक नाही, तो आमचा मामा आहे.'" तो थोडा हसला. "मग आज मला दुसरं काय म्हणता येत होतं?"

भाचीने नाक पुसलं. तेव्हा कुठे मला कळलं की तिचा निर्णय काय झाला होता, आणि नेमका कोणत्या क्षणी. मी तिला 'ऐकलंस?' म्हणून विचारलं होतं. तिने नीट ऐकलं होतं.

"पानं दुकानात नेतो," मी म्हणालो. "सगळ्या कडा घासून सारख्या करतो."

"हात लावायचा नाही," ताई म्हणाली. "इतक्या वर्षांची सवय आहे आम्हाला. निळी खुर्ची तेवढी आत घाल आता. लपवायचं कारण उरलं नाही."

मी ती गड्डीत घातली आणि पिसली. भाऊजींनी कागदवाल्यापुढे गड्डी सरकवली, आता तू विक म्हणून. त्याने वरचं पान उचललं, पाठ बघितली आणि चित्र वर करून माझ्यासमोर आणलं. निळी खुर्ची.

मी हात उघडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्याने पान माझ्या तळहातावर ठेवलं. फारच हलकं होतं ते.

"अस्सल आहे," तो म्हणाला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. नितळ चेहरा, सरळ नजर, मघाशी 'मी केलं' म्हणताना होती तशीच. एकदाही पापणी हलली नाही. मी माझी सगळी बटणं पुढे सरकवली आणि पान उलटलं.

पाठ कोरी होती.

भाऊजी टेबलावर हात आपटून हसायला लागले. माझं रीळ पहिल्याच खोलीत होतं, ते पटाबाहेर दोन खोल्या मागे ठेवताना भाचीने विचारलं, "मग, मामा? कसा वाटतो माणूस?"

"चेहऱ्यावर काही दिसत नाही त्याच्या," मी म्हणालो. "हो म्हण."

"म्हटलं मघाशीच," ती म्हणाली.

मग मी त्याला विचारलं की तुमच्या गावाची गाडी किती तास घेते. मला माहीत होतं. त्याने तरीही सांगितलं, आठ, आणि तिकडून शनिवारी दुपारी इथे पोचेल अशी एक गाडी असते तेही सांगितलं. मी बटणं गोळा केली आणि पुढच्या पानासाठी हात उघडा ठेवला.